सोलापूर परमुलखात होतं तेव्हा

१९१० च्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीच्या दुकानात सोलापूरच्या गिरणीचं कापड दिसलं, तर ते सरकारदरबारी आयात माल होतं. सोलापूर इंग्रजी मुलखात आणि बेंबळी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. दोन्हीकडची बोली मराठी, सोयरिकी एकमेकांत, ज्वारीचं वाण एक आणि तुळजापूरची भवानीही एकच. तरी मधे कुठेतरी एक नाका होता. त्या नाक्यावर गाडी थांबे, ताडपत्री उचलली जाई, गठ्ठे मोजले जात आणि दाखला हाती पडल्यावरच बैल पुढे निघत. या खात्याचं नाव होतं करोडगिरी. निजामी राजवटीत वाढलेल्या पिढीच्या तोंडी हा शब्द पोलिसपाटलाइतकाच रुळलेला होता.

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाविषयी आपण पुष्कळ बोलतो. रझाकार, सरहद्दीवरचे कॅम्प, १३ सप्टेंबर १९४८ ला नळदुर्गाकडे निघालेलं सैन्य, हे सगळं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण या भागातला शेतकरी आणि दुकानदार रोज जिच्याशी झगडत होता, ती जकातीची सरहद्द आपल्या इतिहासात फार थोडी जागा मिळवते. माझ्या मते हा अन्याय आहे. कारण राजवट कोणाची, हे सामान्य माणसाला आधी मिठाच्या आणि कापडाच्या भावातून कळतं.

या सरहद्दीचा पाया एका तहात आहे. १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात व्यापारी करार झाला. दोघांनी एकमेकांच्या मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा ५ पेक्षा जास्त जकात घ्यायची नाही, असं ठरलं. समुद्र नसलेल्या निजामाला मच्छलीपट्टणचं बंदर व्यापारासाठी वापरण्याची मुभा मिळाली. कागदावर हा करार बरोबरीच्या दोन सत्तांचा दिसतो. बंदर मात्र कंपनीच्या हातात राहिलं आणि निजामाच्या हातात आला तो जमिनीवरचा नाका. पुढे दीडशे वर्षं संस्थानानं हा नाका जिवापाड जपला, कारण स्वतःचा म्हणावा असा तो एक मोठा, रोख उत्पन्नाचा मार्ग होता.

जकात या भागाला नवी नव्हती. पेशवाईतही माल जिथे भरला तिथे थळभरीत आणि जिथे उतरला तिथे थळमोड द्यावी लागे, आणि वाटेतल्या प्रत्येक वतनदाराचा हात पुढे असेच. त्याहून फार मागे गेलं, तर बेंबळीपासून जवळच असलेलं तेर आहे, म्हणजे ग्रीक नाविकांचं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर इथून भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी माल जात असल्याची नोंद आहे. पैठणहून अकीक जाई आणि तगरहून साधं कापड आणि मलमल. म्हणजे या काळ्या रानातलं सूत सातासमुद्रापार जायचं, त्याला दोन हजार वर्षं होत आली. इतका दूरचा व्यापार केलेल्या मुलखाला विसाव्या शतकात शेजारच्या जिल्ह्यातलं धोतर परदेशी ठरावं, ही गोष्ट मला कायम अस्वस्थ करते.

इंग्रजांनी आपल्या मुंबई इलाख्यातली अंतर्गत जकात १८३८ मध्ये उठवली. त्यानंतर सोलापूर, पुणे, मुंबई या वाटेवर गाडी विनाअडथळा जाऊ लागली. याच वाटेवर पुढे लोहमार्ग आला आणि १८६० मध्ये सोलापूर गाठलं. निजामाच्या हद्दीवर मात्र नाके तसेच राहिले. मधली सात वर्षं ही रेघच सरकली होती. १८५३ च्या तहानं कंपनीनं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड आणि रायचूर दुआबासोबत नळदुर्ग-धाराशिवचा जिल्हाही आपल्या कारभाराखाली घेतला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा मेडोज टेलर इथला अधिकारी झाला. १८६० मध्ये जिल्हा निजामाला परत मिळाला. बेंबळीच्या माणसाच्या दृष्टीनं पाहा. तो जागचा हलला नाही. सात वर्षं सोलापूर त्याच्याच राज्यात आलं आणि एका तहानं पुन्हा परमुलखात गेलं.

त्याच सुमारास हैदराबादचा दिवाण सालारजंग पहिला संस्थानाचा कारभार नव्यानं बांधत होता. महसूल मक्त्यानं देण्याची जुनी रीत त्यानं मोडली आणि १८६५ च्या जिलाबंदीनं जिल्हे आणि तालुके आखले. मक्तेदाराच्या मर्जीवर चालणारी वसुली जाऊन पगारी नोकर आणि सरकारी दाखला आला. प्रजेच्या दृष्टीनं ही सुधारणाच होती, हे मान्य केलं पाहिजे. पण नाका गेला नाही. तो अधिक शिस्तीचा झाला.

आता त्या नाक्यावरचा एक हिशेब जवळून पाहू. सोलापूरच्या व्यापाऱ्याकडून ६० रुपयांचा कापडाचा गठ्ठा घेतला. हे ६० रुपये कलदार, म्हणजे इंग्रजी नाण्यातले. संस्थानाचं नाणं निराळं, हाली सिक्का. दर ६ कलदारांना ७ हाली. तेव्हा करोडगिरीच्या वहीत गठ्ठ्याची किंमत झाली ७० रुपये हाली. त्यावर शेकडा ५ प्रमाणे साडेतीन रुपये हाली जकात. हिशेब सोपा दिसतो, पण नाक्यावर तो क्वचितच सोपा राहत असणार. कारण जकात वजनावर नव्हती, किमतीवर होती, आणि किंमत कोणती धरायची हाच खरा तंटा. सोलापूरच्या पेठेतली, की धाराशिवच्या बाजारातली? बीजकावरची, की नाकेदाराला वाटेल ती? नाण्याच्या दराचाही घोळ होताच. १९०४ च्या नाणेसुधारणेआधी हाली-कलदारचा भाव वरखाली होई. ज्या दिवशी माल घेतला त्या दिवसाचा दर धरायचा की नाक्यावर पोचल्याचा, यावरून दोन-चार आणे इकडचे तिकडे सहज होत. त्या काळी ते दोन-चार आणेही कोणाला सोडवत नसत.

आणि हे सगळं लिहिलं जाई उर्दूत. १८८४ पासून संस्थानाची राजभाषा फारसीऐवजी उर्दू झाली. बेंबळीचा गाडीवान मराठी बोले, दुकानदार वही मोडीत लिही आणि दाखला मिळे उर्दूत. आपल्या हातातल्या कागदावर आपल्या मालाची काय किंमत लिहिली आहे, हे मालकालाच वाचता येत नसे. अशा जागी मधला माणूस उभा राहतो, तसाच तो इथेही राहिला असणार. नाक्यावरचा कारकून ज्याला ओळखतो, ज्याला उर्दू वाचता येते, कोणत्या मालाला कोणतं कलम लागतं हे ज्याला पाठ आहे, असा माणूस. बाजारपेठेतल्या आडत्याकडे असं कोणी ना कोणी लागतच होतं. आज मुंबईच्या गोदीत सीएचए, म्हणजे सीमाशुल्क दलाल, म्हणून जो व्यवसाय चालतो, त्याची गरज आपल्या भागात विमानं आणि कंटेनर येण्याच्या कितीतरी आधी निर्माण झाली होती. बंदरापासून शेकडो मैलांवर, बैलगाडीच्या वाटेवर.

माल बाहेर जाताना हेच उलट्या दिशेनं. बेंबळीच्या शिवारातली जवस, करडई, तूर आणि कापूस यांची ओढ बार्शीकडे. बार्शी ही गळिताच्या धान्याची आणि कापसाची मोठी पेठ. तिची जागाही चमत्कारिक होती. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्याचा, म्हणजे इंग्रजी, पण सगळीकडून निजामी मुलखानं वेढलेला. बालाघाटावरून उतरलेला माल बार्शीला न्यायचा म्हणजे सरहद्द ओलांडायची, आणि संस्थानाबाहेर जाणाऱ्या मालावरही करोडगिरी होती. शेतकऱ्याच्या पदरात पडणारा भाव हा बार्शीचा भाव वजा नाका, वजा गाडीभाडं, वजा आडत असा असे.

या पेठेसाठीच एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे बांधली. १८९७ मध्ये ती बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत धावू लागली. पुढे ती निजामी मुलखात खोलवर शिरली आणि येडशी, ढोकी, मुरूड करत १९११ मध्ये लातूरला पोचली. तेव्हाचं लातूर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होतं. ही चिमुकली गाडी आमच्या भागाच्या आर्थिक इतिहासातली सर्वांत मोठी घटना आहे, असं मी मानतो. तिच्यामुळे लातूर पेठ म्हणून वाढलं. तिच्यामुळे गाडीवानाच्या आठवडाभराच्या फेऱ्या वाचल्या. पण रुळांनी सरहद्द मिटवली नाही. पूर्वी गाडी दहा वाटांनी जाऊ शके, ओढ्यातून, बांधावरून, रात्रीची. रुळावरचा माल एकाच वाटेनं जातो आणि स्टेशनावर मोजला जातो.

कापडाच्या त्या गठ्ठ्याकडे पुन्हा वळतो, कारण त्यावरचा बोजा एवढ्यावर संपत नाही. १८९६ पासून इंग्रज सरकारनं हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन उत्पादनशुल्क बसवलं होतं. मँचेस्टरच्या कापडावर मुंबई बंदरात तेवढीच आयात जकात होती, आणि तिथल्या गिरणीवाल्यांना देशी गिरण्यांची सरशी नको होती, म्हणून हा कर. लोकमान्य टिळकांनी या कराविरुद्ध रान उठवलं होतं. १९२५ च्या डिसेंबरात तो स्थगित झाला आणि पुढच्या वर्षी रद्द. तोवर बेंबळीच्या गिऱ्हाईकानं सोलापुरी धोतर घेतलं, तर त्याच्या किमतीत आधी इंग्रजांचं साडेतीन टक्के आणि वर निजामाचं पाच टक्के भरलेलं होतं. आणि विलायती घेतलं तरी सुटका नव्हती. मुंबई बंदरातली जकात त्याच्या खिशातूनच जाई, पण त्यातला पैसाही त्याच्या राज्याला मिळत नसे. संस्थानांनी ही तक्रार हार्कोर्ट बटलरच्या समितीपुढे मांडली आणि १९२९ च्या अहवालात तिची दखल घेतली गेली. दखलच. धोतराचा भाव काही उतरला नाही.

अशा या रेघेवरून माणसं मात्र अखंड ये-जा करत होती. आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचे थवे तेव्हाही इंग्रजीतून मोगलाईत येत. भवानीची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची, पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावचा. दोन्ही गावं ब्रिटिश मुलखातली. दसऱ्याचं देवीचं सीमोल्लंघन ज्या पालखीतून होतं, ती पालखी दर वर्षी खरोखरीची सीमा ओलांडून येत होती.

१९४७ मध्ये हे सगळं पेटलं. ७ ऑगस्टला हैदराबाद स्टेट काँग्रेसनं सत्याग्रह पुकारला. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. बार्शी, वैराग, सोलापूर या पट्ट्यात सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. धाराशिवच्या फुलचंद गांधींसारखी माणसं त्या लढ्याच्या पुढे होती. शिंदीची झाडं तोडणं, जंगल सत्याग्रह, चावडीची दप्तरं जाळणं आणि करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करणं हा त्या दिवसांचा कार्यक्रम होता. नाकेच का, असा प्रश्न नव्या वाचकाला पडेल. नाका हा सरहद्दीवरचा निजामी सत्तेचा सर्वांत पुढचा आणि सर्वांत उघडा ठिपका. चार शिपाई, एक खोली, एक पेटी आणि वह्या. शिवाय गावोगावच्या लोकांचा त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा राग. जी वही आपल्याला वाचता येत नाही आणि जिच्यामुळे आपलं मीठ महागतं, ती जळताना पाहून माणसांना काय वाटलं असेल, हे समजायला फार कल्पना लागत नाही.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. पण थोड्याच दिवसांत हैदराबाद सरकारनं दोन वटहुकूम काढले. एकानं सोनं-चांदी भारतात नेण्यावर निर्बंध आले. दुसऱ्यानं भारतीय चलन संस्थानात वैध राहिलं नाही. दिल्लीत या दुसऱ्या हुकमाचा अर्थ कराराचा भंग असा लागला. सरहद्दीवरच्या गावांत त्याचा अर्थ जास्त सरळ होता. बार्शीला जवस विकून आलेल्या शेतकऱ्याच्या कनवटीचे कलदार त्याच्याच गावात बेकायदा ठरले. ज्या पैशानं बार्शीत मीठ मिळतं, त्या पैशानं आपल्या गावच्या दुकानात मिळत नाही. १९४८ मध्ये भारतानं उलट बाजूनं नाड्या आवळल्या आणि संस्थानात जाणारा माल अडू लागला. समुद्र नसल्याची उणीव निजामाला तेव्हा पुरती कळली. पोर्तुगीजांकडून मुरगाव बंदराची सोय मिळवण्याचे प्रयत्न त्याच्या दरबारानं केले होते, ते तडीला गेले नाहीत. शेवटी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री-अपरात्री विमानानं शस्त्रं आणून देत होता. मच्छलीपट्टणच्या बंदरापासून सुरू झालेली गोष्ट चोरट्या विमानापर्यंत येऊन ठेपली.

१३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखालची फौज सोलापूरकडून हद्दीत शिरली. नळदुर्ग त्याच दिवशी पडला. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. इथे बहुतेक इतिहास थांबतात. जकातीचा इतिहास इथे थांबत नाही.

संस्थान भारतात आलं, पण त्याची तिजोरी करोडगिरीवर उभी होती. ती एका रात्रीत बंद केली तर शाळा, दवाखाने आणि पगार कशावर चालवायचे? व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या समितीनं संस्थानांच्या अर्थकारणाची तपासणी केली आणि असे अंतर्गत नाके टप्प्याटप्प्यानं उठवायचे, असा मार्ग निघाला. राज्यघटनेत त्यासाठी खास कलम घालावं लागलं. कलम ३०१ नं देशभर व्यापार मुक्त केला आणि अवघ्या पाच कलमांनंतर कलम ३०६ नं हैदराबादसारख्या 'ब' वर्गातल्या राज्यांना, केंद्राशी करार असेल तर, इतर राज्यांतून येणाऱ्या आणि तिकडे जाणाऱ्या मालावर जकात घेत राहण्याची मुभा दिली. मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. पाच वर्षांनंतर राष्ट्रपती ती मोडू शकत. प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी, २६ जानेवारी १९५० ला, एका देशात दोन राज्यांमधली जकात घटनेनंच जिवंत ठेवली होती.

मला हे कलम ३०६ फार महत्त्वाचं वाटतं. सैन्याला सरहद्द पुसायला पाच दिवस लागले, हिशेबनिसांना त्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि त्यांनी ते काम नीट केलं, याचं श्रेय त्यांना कोणी देत नाही. नाक्याच्या जागी दुसरं उत्पन्न उभं करायचं म्हणून १९५० मध्ये हैदराबादचा विक्रीकर कायदा आला. सरहद्दीवर गाडी अडवून घ्यायचा पैसा आता दुकानाच्या वहीतून घ्यायचा होता. दुकानदाराला हिशेब ठेवायला शिकावं लागलं, गाडीवानाची सुटका झाली. हाली रुपयाही हळूहळू व्यवहारातून मागे सरकला.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य संपलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला. सोलापूर आणि धाराशिव, बार्शी आणि बेंबळी एका राज्यात आले. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३०६ घटनेतून काढून टाकलं. १८०२ च्या करारात जन्मलेली रेघ कागदावरूनही गेली.

नगरपालिकांची जकात त्यानंतरही अनेक वर्षं राहिली, विक्रीकराचे तपासणी नाके राहिले, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर तेही उठले. आता धाराशिवच्या शेतकऱ्याच्या मालाला जकातखातं भेटतं ते खरोखरीच्या सरहद्दीवर. जिल्ह्यातली द्राक्षं युरोपात पाठवायची तर बागेची नोंदणी करावी लागते, फवारणीच्या अंशाची तपासणी होते, कीडरोगमुक्तीचा दाखला लागतो, बीजक आणि पेट्यांची यादी लागते आणि न्हावा शेव्यात शिपिंग बिल भरावं लागतं. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४६ खाली परवाना मिळालेला दलाल ते संगणकावर भरतो. तो विचारतो, माल कोणता, कोणत्या कलमात बसतो, किंमत किती आणि कोणत्या चलनात. थोडा उशीर झाला, तर शीतपेटीतल्या द्राक्षांचं आयुष्य तेवढं कमी होतं. म्हणून चांगला दलाल कंटेनर बागेतून निघायच्या आधीच कागद तपासतो, आणि बीजकावरचा एक आकडा पेट्यांच्या यादीशी जुळत नसेल, तर रात्री फोन करून शेतकऱ्याला उठवतो. तो फोन मराठीत असतो.